पेटीच्या पलीकडची जागा

बेथेल, आयोवा
मार्चचा शेवटचा आठवडा

प्रिय वेंडेल,

तुझ्या आणि माझ्या घरामध्ये एक मक्याचं रान आणि एक खडीचा रस्ता, एवढंच काय ते अंतर. तरी हे पत्र मी तिकीट लावून पाठवते आहे. टपालवाली ग्लॅडिस ते इथून उचलेल, काउंटीच्या गावी नेईल, तिथे त्यावर शिक्का बसेल आणि मग तीच बिचारी ते परत आणून तुझ्या दारातल्या टपालाच्या डब्यात टाकेल. हसेल मनातल्या मनात. हसू दे. मी स्वतःच आले असते, पण मागच्या वेळी तुझं दार वाजवलं तेव्हा आतला रेडिओ बंद झालेला ऐकू आला आणि दार काही उघडलं नाही. तेवढं पुन्हा माझ्याच्याने सोसायचं नाही.

इकडची हालहवाल तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. बर्फ वितळलं, अंगणात गुडघाभर चिखल आहे. माझा क्लॅरेन्स जाऊन आता इतकी वर्षं झाली, तरी सूप मात्र अजून दोघांपुरतंच होतं, मग मी तेच दोन दिवस खात बसते. मुलगा रविवारी फोन करतो, हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो. संध्याकाळी तुझ्या अंगणातला दिवा लागला की माझा जीव भांड्यात पडतो. एकदा तो दोन दिवस लागला नव्हता. मी गाडीची किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात लागला. बल्ब गेला असेल. मला मात्र त्या दोन दिवसांत घास उतरला नाही, हे तुला कोण सांगणार?

आपलं कसं छान चाललं होतं रे. मतदानाच्या दिवशी हॉलमधलं ते लांब टेबल, एका टोकाला मी रिपब्लिकनांची, दुसऱ्या टोकाला तू डेमोक्रॅटांचा, आणि मधे मतपेटी. एका पक्षाच्या माणसाने एकट्याने पेटीला हात लावायचा नाही, हा कायदा. म्हातारी आल्मा गाडीतून उतरू शकत नसे, तर तिचं मत घ्यायलासुद्धा आपण दोघं जायचो, एका खिडकीत तू वाकलेला आणि एका खिडकीत मी. "तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे काय कटकट करता, मला खूण तर करू द्या," असं ती ओरडायची, आणि तुझे कान लाल व्हायचे. मग मोजणी झाली की काउंटीच्या गावी न्यायची मोहोरबंद पेटी पुढच्या सीटवर आपल्या दोघांच्या मधे, तिलासुद्धा पट्टा बांधलेला. जाताना तू चालवायचास, येताना मी. कोण जिंकतंय ते कळू नये म्हणून रेडिओ लावायचा नाही, हा आपला कायदा. त्या वीस मैलांत आपण काय काय बोललो असू! तुझ्या इलीनच्या आजारपणाचं तू पहिल्यांदा मला तिथेच सांगितलंस, समोरच्या रस्त्याकडे बघत. क्लॅरेन्स गेला त्या वर्षी मी पेटीवर हात ठेवून रडले, आणि तू नुसती गाडी हळू केलीस. पेटी जमा केली की लोइसच्या कॅफेत वाटीभर गरम राजम्याची चिली आणि दोघांत मिळून एक दालचिनीचा रोल. बाहेरचा कडक भाग तुझा, मधला मऊ माझा. "आले बघा, हत्ती आणि गाढव आले," असं लोइस दारातूनच ओरडायची, आणि आपापल्या पक्षाची निशाणी आपण मुकाट्याने सोसायचो.

मग तो गादीवाला उगवला. आता सगळा देश त्याला नावानिशी ओळखतो, पण मी गादीवालाच म्हणणार. देशभर गाद्या विकून गबर झालेला माणूस, ना तुमचा ना आमचा, स्वतःच्या पैशाने देशाचा अध्यक्ष व्हायला निघाला. मी हसून म्हटलं होतं, "गादीवाल्याला आता गादी हवी!" तू हसला नाहीस. काउंटीच्या जत्रेत त्याचं विमान उतरलं, तो डुकरांच्या गोठ्यापाशी तुझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला काय वाटतं या देशाचं?" तू मला ते सांगायला आलास तेव्हा तुझा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. "आर्डिस, इतकी वर्षं आम्ही मतं दिली, पण मला कधी कुणी विचारलंच नाही गं," म्हणालास. मी तर तुला रोज विचारत होते, वेंडेल. पण मी विचारलेलं तुला विचारल्यासारखं वाटत नव्हतं, त्याला कोण काय करणार? दुसऱ्याच आठवड्यात तू डेमोक्रॅटांमधून नाव काढून आलास आणि त्याच्या हिरव्या टोप्या वाटत दारोदार फिरू लागलास. कुठल्याच पक्षाचा नाही म्हटल्यावर पेटीपाशी तुला बसता येईना. तुझ्या जागी ट्रेसी नावाची मुलगी आली. चांगली होती, पण पेटीला ती "हे" म्हणायची. "हे उचलायचं का?" पेटी माझ्या गाडीत, ती माझ्या शेजारी कानात गाणी घालून. मला रडू आलं, तिला पत्ताही नाही.

आणि मग त्या संध्याकाळचा कॅफे. निकाल लागले होते. आपलं राज्य अगदी थोडक्यात आमच्याकडे आलं, गादीवाला तिसरा. तू कोपऱ्यात ती टोपी घालून एकटा बसला होतास. मी उठून तुझ्याकडे येणारच होते, तेवढ्यात तुमच्या काउंटीच्या पक्षाचा म्होरक्या मर्ल उभा राहून अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असं बोलला, "वेंडेल, तू त्या गादीवाल्याला नाही मत मिळवून दिलंस, ह्यांना दिलंस. ह्यांना!" आणि बोट थेट माझ्यावर. कमी पडलं म्हणून आमचा गॉर्डन, कसला मेला पक्षाचा अध्यक्ष, लोइसला म्हणाला, "त्या वेंडेलला आमच्यातर्फे एक रोल दे. आमच्यावर फार उपकार केलेत त्याने." सगळे टेबल बडवून हसले. लोइसने रोल तुझ्यापुढे ठेवला. अख्खा. तू त्याकडे बघितलंस, टोपी काढून त्याच्या शेजारी ठेवलीस आणि निघून गेलास. तेव्हापासून जवळजवळ दीड वर्ष तू कॅफेत नाहीस, चर्चमध्ये नाहीस, रस्त्यात गाडी समोर आली तरी साधं बोटही वर करत नाहीस.

मी एवढंच सांगते, बेथेलची मतं मी स्वतःच्या हाताने मोजली आहेत. त्याला पडलेली मतं तुमचीही कमी करून गेली आणि आमचीही, जवळपास सारखीच. बाकी राज्यात काय झालं ते मर्लला माहीत नाही, गॉर्डनला नाही आणि टीव्हीवरच्या शहाण्यांनाही नाही. ज्याने त्याला मत दिलं तो नाहीतर कुणाला देणार होता, की घरीच झोपणार होता, हे ज्याचं त्याला ठाऊक. दोन्ही पक्षांना त्याने घाम फोडला हे खरं. आमचा गॉर्डन तर त्या ऑक्टोबरात पहिल्यांदा लोकांच्या दारात जाऊन ऐकून घेत होता, कधी नव्हे ते. पण गादीवाल्याला विमान घेता आलं, टीव्ही घेता आला, तरी बेथेलच्या टेबलाला तिसरी खुर्ची लावता आली नाही. आता पुन्हा त्याच्या जाहिराती लागतात. "हरलो, तरी झोप उत्तम लागते," म्हणतो आणि गादीवर आडवा होतो. त्याला लागत असेल. त्याने तुला साधा धन्यवादाचा फोन तरी केला का? ती जाहिरात लागली की मी टीव्ही बंद करते. तुझ्या घरात ती लागत असेल आणि तू एकटा बघत असशील, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता पत्र का लिहिते आहे ते. ट्रेसी लग्न करून दे मॉइन शहरात गेली. बेथेलमध्ये डेमोक्रॅट म्हणावेत असे उरले कोण? आल्मा, आणि तो म्हातारा ऑटो, ज्याचा गाडी चालवायचा परवानाच गेलाय. काउंटीच्या कचेरीतून फोन आला की जूनच्या मतदानाआधी दुसऱ्या पक्षाचं माणूस मिळालं नाही तर आपला हॉल बंद, सगळ्यांनी पुढच्या गावी जाऊन मत द्यायचं. मी मर्लकडे गेले, म्हटलं वेंडेलला परत घे. तो म्हणाला, "मी जिवंत आहे तोवर नाही." मग मी तिथेच बसले, थोडा विचार केला आणि म्हटलं, "बरं, मग मला घे." तो खुर्चीतून पडायचाच बाकी होता. काल मी माझं नाव बदलून आले, वेंडेल. मी आता डेमोक्रॅट आहे. क्लॅरेन्सच्या कबरीपाशी जाऊन त्यालाही सांगितलं, तो काही बोलला नाही. तेव्हा आता रिकामी आहे ती रिपब्लिकनांची खुर्ची. गॉर्डनला विचारलं, तो खूश, तुझा तर पुतळाच उभारायला निघाला होता. मी म्हटलं, "परत रोल पाठवलास तर तोंडावर फेकून मारीन." फक्त तू जाऊन सही करायची आहेस. मेलो तरी रिपब्लिकन होणार नाही, म्हणशील. मीही जन्मभर तेच उलटं म्हणत आले. पडद्यामागे तुला हवं त्याला मत दे, हवं तर अजून त्या गादीवाल्याला दे, मी विचारणार नाही. कोण निवडून येतं याचं मला आता फारसं काही वाटत नाही, हे मी फक्त तुलाच सांगते. मला पेटी हवी, तिच्यावरून तो पट्टा हवा, आणि तिच्या पलीकडे तू हवास. सही केलीस तर मला सांगायला येऊ नकोस, फोनही नको. अंगणातला दिवा भर दुपारी लाव. मी खिडकीतच आहे.

तुझीच विरोधक,
आर्डिस