देव पायाशी ठेवत नाहीत

शुक्रवार, ३० जानेवारी

आम्ही दोघं जिवंत आहोत. देवही सुखरूप आहेत. आधी एवढं लिहून ठेवते.

लेकीचं, रसिकाचं डोहाळजेवण आटोपून काल पुण्याहून निघालो. विमान इथे हैदराबादला, शमशाबादच्या विमानतळावर टेकलं आणि धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत घुसलं. चाक मोडलं म्हणे. खिडकीबाहेर जाळ, आत धूर – रबर जळाल्यासारखा, घशाला चिकटणारा. मागच्या दारातून रबरी घसरगुंडीवरून खाली सोडत होते. माझी साडी गुडघ्यांच्या वर गेली. साठी उलटलेली बाई, आणि खाली एवढी माणसं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आलो तर एका चॅनेलवाल्याने माईक तोंडापुढे धरला. देवांचा पितळी डबा मी छातीशी धरलेला. "इसमें क्या है, अम्मा?" म्हटलं, देव आहेत. "एअर होस्टेस ने मदद किया?" मी म्हटलं, "कायकी मदद? धक्का दी मेरेकु. देवों के साथ गिरी मैं."

खांदा अजून दुखतोय. त्या पोरीचं नख लागलंय.

दूधवाल्याचे खाडे लिहायचे राहिले. उद्या.

रविवार, १ फेब्रुवारी

टीव्हीवर मी दिसतेय म्हणून सकाळपासून फोन. दुपारी शेजारच्या अलकावहिनी हिमायतनगरचं अख्खं भजनी मंडळ घेऊन आल्या. आमच्या तुळजाभवानीच्या आणि खंडोबाच्या टाकांवर हळदकुंकवाचा थर चढला. "सुनंदाताई, जागृत आहेत हो तुमचे देव. आगीतून चालत घरी आले."

कोणीतरी यांना विचारलं, "भाऊजी, तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"पुढे," हे म्हणाले, आणि गॅलरीत गेले.

नारळांचा ढीग पडलाय. एरवी खोबरं वाया जाऊ नये म्हणून मी लगेच वड्या थापते. आज हात उठेना. का ते कळतंय, पण लिहवत नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

संध्याकाळी सारंग गच्चीबौलीहून आला. चहा घेता घेता फोन माझ्यापुढे धरला. "बघ आई, तुझी साक्ष चालतेय."

त्या पोरीचं नाव लावण्या. कंपनीने तिला घरी बसवलंय – म्हणजे अजून दवाखान्यातच आहे, छातीत धूर गेलाय. आरोप काय, तर मागच्या दाराची जबाबदारी तिची असताना ती दार सोडून आत गेली, तेवढ्यात दाराशी चेंगराचेंगरी झाली, एकाचा हात मोडला. आणि वर म्हाताऱ्या प्रवाशाला धक्काबुक्की. त्याच्या खाली मी. डबा धरून. बोलतेय.

सारंग हसत होता. त्याला काय माहीत!

खरं काय ते इथे तरी लिहू दे.

पुण्याला विमानात चढले तेव्हा ह्याच पोरीने सांगितलं होतं, "अम्मा, छोटा डब्बा है, सीट के नीचे रखो." मला राग आला. घराला कुलूप लावून देव उपाशी ठेवायचे नाहीत ही सासूबाईंची शिस्त, म्हणून आम्ही बाहेरगावी जाताना देव बरोबर घेतो. आणि ते पायाशी ठेवू? मी म्हटलं, "भगवान है. पैरों के पास नक्को." ती हसली. स्वतः दुसऱ्यांच्या बॅगा सरकवून तिने डबा वरच्या कप्प्यात ठेवून दिला. मला बरं वाटलं होतं. पोर संस्कारी आहे असं यांना म्हणालेसुद्धा.

धूर आला तेव्हा ती मागून ओरडत होती – "सब छोडो! कुछ नक्को लेओ!" सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. हे म्हणाले, "सुनंदा, चल," आणि निघाले. मी उभी राहिले आणि वरचं झाकण उघडलं.

डबा आत सरकला होता. माझ्या मागची माणसं अडली. कोणी शिव्या देत होतं, कोणी अल्ला अल्ला करत होतं, एक लेकरू सारखं खोकत होतं. मी म्हणत होते, "एक मिनिट, एक मिनिट." रेशनच्या रांगेत म्हणावं तसं.

मग ती आली. दाराकडून, माणसांच्या उलट्या लोंढ्यातून, तोंडाला ओला रुमाल लावून. तोवर डबा माझ्या हातात आला होता. तिने खांदा धरला आणि ढकलत ढकलत मला दारापर्यंत नेलं.

दार तिने माझ्यासाठी सोडलं. आणि हे कोणालाच माहीत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पूजा केली. मागायला काही सुचेना. दिवा लावून तशीच उठले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

अपघाताची चौकशी करणाऱ्यांचा फोन आला. त्या भागातल्या सगळ्या प्रवाशांना बोलावतायत. मला एकोणीस तारखेला.

सारंगला सगळं सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "धुरात काही दिसलं नाही म्हण. संपलं."

"आणि ती पोरगी?"

"तिचं तिची कंपनी बघेल. तुझं नाव बाहेर आलं तर लोक काय म्हणतील माहितीय? विमान जळतंय आणि ही बाई डबा शोधतेय. रसिकाच्या सासरी काय सांगशील?"

व्याह्यांचं घर शिकलेलं. त्यांच्या तोंडावरचं हसू मला आत्ताच दिसलं.

यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मला विचारू नकोस. मी तुझ्या आधी उतरलो." त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच एवढं बोलले. मग उठून चहाचे कप स्वतः विसळले. संसारात कधी विसळले नव्हते.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भजन आमच्याकडेच ठेवलं मंडळाने. मला न विचारता. एका बाईने डब्याला कपाळ टेकलं. डब्याला पोचा आलाय तिथे बोट फिरवून म्हणाली, "ही आगीची खूण." तो पोचा मी डबा ओढून काढताना कप्प्याच्या कडेवर आपटला त्याचा आहे. मी साबुदाणा वाढला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बेगमपेटच्या ऑफिसात जाऊन आले. सारंग सोबत होता, पण त्याला बाहेर बसवलं.

साहेब नागपूरकडचे निघाले. वाटलं होतं दरडावतील. त्यांनी आधी पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, विमानाच्या शेपटीत एक डबा असतो. ब्लॅक बॉक्स म्हणतात, पण रंग केशरी असतो." फोटो दाखवला. शेंदूर फासलेल्या देवासारखा रंग. आगीत पडला तरी आतलं जळत नाही. त्यात वैमानिकांच्या खोलीतलं सगळं बोलणं राहतं.

"म्हणजे सगळं कळलंच असेल तुम्हाला," मी म्हटलं.

"तिथलंच कळतं. प्रवासी बसतात तिथलं नाही. त्या मुलीने मागून वैमानिकाला फोन केला होता, तेवढा ऐकू येतो. 'सर, मी दार सोडतेय, आत –' एवढं बोलली आणि इंजिनं बंद झाली. वीज गेली. डबा मुका झाला. ती का जात होती ते त्यात नाही."

"तिला विचारा ना."

"विचारलं. एक अम्मा अडकल्या होत्या म्हणते. कोण, कुठे, सांगत नाही. चेहरा आठवत नाही म्हणते. कंपनीचे लोक म्हणतात बनवून सांगतेय. तुम्ही त्याच भागात होतात. काही पाहिलंत?"

चेहरा आठवत नाही! टीव्हीवर दिवसभर माझा चेहरा दाखवत होते.

मी म्हटलं, "धूर फार होता. काही दिसलं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मी सही केली. सुवाच्य अक्षरात, पूर्ण नाव.

बाहेर सारंग म्हणाला, "सुटलीस." घरी येऊन आंघोळ केली. परत केली. देवांना हात लावला नाही. आज पूजा यांनी केली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

तिला सगळं माहीत आहे. मला वाचवलं ते वाचवलं, वर झाकलंही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

कोणाला न सांगता नारायणगुड्याहून बस धरली. गेटवरचा शिपाई म्हणाला, "आज आपका नंबर नहीं है, अम्मा." म्हटलं, "मालूम है. झूठ बोलके गई थी, वो वापस लेने आई."

साहेबांपुढे बसून सगळं सांगितलं. कप्पा, डबा, एक मिनिट, मागचं खोकणारं लेकरू. चॅनेलवाल्यापुढे मी काय बरळले तेही. रडणार नाही असं ठरवलं होतं. नाही रडले. पण मान वर करवत नव्हती. टेबलाच्या काचेखाली कोणाच्या तरी मुलाचा शाळेतला फोटो होता, त्याच्याशीच बोलत राहिले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "वरचं झाकण त्या वेळी आपोआप कुलूपबंद झालेलं असतं, उघडलंच नसतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी विचार केला. "कंपनीला शिव्या घातल्या असत्या आणि चालू लागले असते."

ते त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. म्हणाले, "हेच हवंय मला. आम्ही सुचवतोय – झाकणांना कुलूप. आणि वीज गेली तरी केशरी डबा ऐकत राहील अशी त्याची वेगळी बॅटरी. कागदावर सगळं आहे. पण माणूस थांबतो कशासाठी ते कोणी सांगत नाही हो. प्रत्येक जण म्हणतो, दुसरा थांबला होता."

मग म्हणाले, "एवढासा डबा. सीटखाली बसला असता. वर का ठेवलात?"

"देव पायाशी ठेवत नाहीत."

त्यांचं पेन थांबलं. "आमच्याकडेही नाही ठेवत," म्हणाले. आणि लिहिलं.

निघताना विचारलं, मला काय शिक्षा? म्हणाले, "शिक्षा आमच्याकडे नसते, मावशी. आम्ही फक्त काय झालं ते लिहितो." बाहेर येऊन मी जिन्यातच जरा वेळ बसले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सारंग फोनवर तोडून बोलला. "तुला हौसच होती." मी ऐकून घेतलं. यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "तुझी आई त्या दिवशी एकटी होती. कारण मी पळालो होतो. तिला बोलायचं असेल तर आधी मला बोल." आणि फोन ठेवून दिला.

मंगळवार, ३ मार्च

अलकावहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरी वाचवलं देवांनीच ना?" मी म्हटलं, "नाही. लावण्याने." त्यांचा चेहरा उतरला. मंगळवारचं भजन आमच्याकडे ठरलेलं असून आज मंडळ आलं नाही. घर शांत आहे. अपघातानंतर पहिल्यांदा खोबऱ्याच्या वड्या केल्या.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी उभारून, वड्यांचा डबा घेऊन उप्पलला लावण्याच्या घरी गेले. पत्ता तिच्या कंपनीतल्या एका मुलीने दिला. हे खाली रिक्षात थांबतो म्हणाले, मग वर आलेच.

त्यांचं उगादी. आईने दारातच मला कुंकू लावलं. मी कोण हे तिला माहीत होतं, तरी लावलं. वाटीत पच्चडी दिली. कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच. गोड आधी लागतं का कडू, ते बघत मी खाली मान घालून खात बसले.

लावण्या आतून आली. केवढीशी आहे! विमानात उंच वाटली होती. आवाज पार बसलाय, कुजबुजल्यासारखं बोलते.

"वापस बुलाये मेरेकु, अम्मा. आपका बयान गया ना, उसके बाद."

मी म्हटलं, मग कधी जाणार?

"ऑफिस में बिठायेंगे. ऊपर नहीं जा सकती." गळ्याला हात लावून हसली. "ये आवाज में 'सब छोडो' बोली तो कौन सुनता? पूरी आवाज थी तब भी आप नहीं सुने."

तिची आई तेलुगूत तिच्यावर रागावली. पण पोरगी टोमणा मारत नव्हती. खरंच थट्टा करत होती. तेच सोसवेना.

मी उठून तिच्या पायांना हात लावायला वाकले. तिने झटकन पाय मागे घेतले आणि माझे खांदे धरले – त्याच जागी. म्हणाली, "पैरों के पास नक्को, अम्मा."

परतताना रिक्षात हे म्हणाले, "वड्या जरा जास्त द्यायला हव्या होत्यास." मी हो म्हटलं.

शुक्रवार, २४ एप्रिल

रसिकाचे दिवस भरत आले म्हणून पुण्याला निघालो. घराला कुलूप, देव बरोबर. कोणी सांगायच्या आत डबा पुढच्या सीटखाली सरकवला. पाय मात्र वर घेऊन मांडी घालून बसले. विमान सुटायच्या वेळी एक पोरगी आली. "अम्मा, पैर नीचे."

ठेवले.