एका चुलीची माणसं

दि. १२ जानेवारी २०२६

आयु. उकंडा यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

तुझी तब्येत कशी आहे? साखरेची गोळी वेळेवर घेते की सभा-मीटिंगात विसरते? राजदीप आणि सूनबाई प्रियंका मजेत असतील. इकडे कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, तूर कापून खळ्यात पडली. थंडी यंदा जबर आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण चालते. घराचं मागून लिहिते.

पत्र पाहून तू म्हणशील, ताईले मोबाईल लावता येत नाही का. येते. पण त्या ग्रामसभेपासून आपण बोललो नाही, आणि फोनवर तुझी सवय मले माहीत आहे, पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तू आपलं सुरू करते. पत्राले मधात तोडता येत नाही. म्हणून लिहून राह्यली.

पहिले तुझे आभार मानते. हसू नको, मनापासून मानते. तू सरपंच असताना जुन्या शाळेच्या इमारतीत बेघरांचा निवारा केला, तेव्हा बायांच्या न्हाणीले आतून कडी पाहिजे म्हणून ठेकेदाराशी भांडला होता. गाव हसलं तुले. सरपंच असून कडी-कोयंड्यावर भांडते म्हणे. मीही हसली होती. पण लुगड्याचा आडोसा करून नाल्यावर आंघोळ करणाऱ्या बाईले विचार, आतून कडी लागणं म्हणजे काय असते ते. खेमसिंग आणि बसंतीबाई तुले आठवतात, तांड्यावर वाटणीत काही आलं नाही म्हणून नाल्याकाठी पाल टाकून राहत होते. ती बसंतीबाई पहिल्या दिवशी न्हाणीत गेली ते बाहेरच येईना. खेमसिंगनं दार वाजवलं तर आतून म्हणे, थांब, मले जराशी नुसतीच बसू दे. त्या कडीसाठी तुझे उपकार आहेत.

आपलं भांडण मले शब्दाशब्दानं आठवते. नाल्याकाठच्या झोपड्या पुरात गेल्या आणि ग्रामसभेत प्रश्न आला की या लोकायचं सरकारनं करायचं काय. माझं म्हणणं होतं, ई-क्लासची सरकारी जमीन पडून आहे, तिच्यातून घरापुरत्या जागेचे पट्टे द्या. पट्टा नाही तर घरकुल नाही, आणि माणसं एकदा हॉलमध्ये झोपवली की सरकार घर द्यायचं विसरून जाते. तुझं म्हणणं होतं, पट्ट्याची फाईल कळंबहून यवतमाळले आणि यवतमाळहून कळंबले फिरत राहीन, तोवर लोक झोपतील कुठं? आधी छप्पर, मग कागद. तुझा गट एकीकडे, माझा एकीकडे. हात वर झाले आणि मी हरली.

हरल्याचं मले काही वाटलं नाही. इतकी वर्षं पंचायतीत मेंबर होती, हरणं माहीत आहे. लागलं ते तुझं बोलणं. भरल्या सभेत तू म्हटलं, "ताई, तुह्या डोक्यावर छप्पर हाय म्हणून तू दुसऱ्याले थांबाले सांगते." मी उठून घरी आली. तेव्हापासून तुझ्या दारात गेली नाही, आणि तूही आला नाही. मग तू यवतमाळले राहायले गेला आणि दारच लांब झालं.

आता निवाऱ्याचं सांगते, कारण काम तिथलंच आहे.

तिथं आत जाळ करायची मनाई आहे आणि तू दिलेली शेगडी एकच. तर बायांनी पहिल्यापासूनच ठरवलं, सैपाक एकत्र. आपली रुखमाबाई, तांड्यावरची बसंतीबाई, कोलाम आदिवासींची जमनी, सगळ्यांची डाळ एका गंजात शिजते. गॅस संपला की अंगणात तीन दगड मांडतात, तीही चूल एकच. उकंडा, आपल्या आईले या गावात विहिरीले हात लावू देत नव्हते, वरून कोणी ओतलं तर घागर भरायची. आणि इथं जमनीच्या हातची भाकर खेमसिंग रुखमाबाईच्या ताटातून उचलून खाते आणि कोणाले त्याचं काही वाटत नाही. हे मी रोज पाहते. हे तुझ्यानं झालं. मी पट्टे आणले असते तर घरं झाली असती, हे झालं नसतं. लिहाले जड जाते, पण खरं आहे ते खरं.

आणि त्या एका चुलीनंच घोटाळा केला.

दिवाळीनंतर घरकुलाच्या सर्वेवाल्या मॅडम आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, चप्पल बाहेर काढून आत आल्या. त्यांनी विचारलं, इथं चुली किती? आता सरकारी हिशेबात चूल म्हणजे कुटुंब, राशन कार्ड वेगळं पाहिजे तर आधी चूल वेगळी दाखवा, हे गावातल्या शेंबड्या पोरालेही माहीत आहे. पण त्या घडीले कोणाले आठवलंच नाही. सगळ्यांले वाटलं, मॅडम जातीचं पाहून राह्यल्या, एकमेकांच्या हातचं खाता की नाही ते. रुखमाबाई छाती पुढं करून बोलली, "एकच चूल हाय, बाई. आमच्यात भेद नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कौतुकानं मॅडमले जेवू घातलं. आणि मॅडमनं लिहून नेलं, एक कुटुंब.

यादी पंचायतीत लागली तेव्हा सारेच पाहाले गेलो. कुटुंबप्रमुख रुखमाबाई. खेमसिंग तिचा मोठा मुलगा, बसंतीबाई मोठी सून. जमनीचा नवरा लहाना मुलगा, जमनी लहानी सून. बसंतीबाई तोंडाले पदर लावून हसली, म्हणे या वयात मले सासू भेटली. आणि त्यांच्या खाली, मुलगी म्हणून, कौसल्या.

हो, तू वाचलं ते बरोबर आहे. मुलगी म्हणून माझं नाव.

घराचं मागून लिहिते म्हटलं होतं ना, ते हे. भादव्यात मागची भिंत बसली. मी शेळीले चारा टाकाले अंगणात आली होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी आढंही खाली आलं. तुझ्या भाऊजीनं हयात असताना आपल्या पायानं मातीचा गारा तुडवून उभी केलेली भिंत होती ती, तुले माहीतच आहे. पुन्हा उभी करू म्हटलं तर पंचायतीत सांगितलं, जागा ई-क्लासची, तुमच्या नावानं नाही, घरकुल बसत नाही. म्हणजे मी सभेत जे दुसऱ्यांसाठी ओरडत होती ते माझंच निघालं. मैत्रेयी पुण्याहून फोन करते, आई इकडे ये, इकडे ये. लेक गुणाची आहे. पण पट्टा मागायचा तर गाव सोडून चालत नाही.

गावाले मीच शपथ घातली की यवतमाळले कळू द्यायचं नाही. काहून, ते विचारू नको. नाही, सांगते. तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. छप्पर गेल्यावर तुले कळवणं म्हणजे तुझ्यापुढं पदर पसरणं, असं मले वाटलं. तुले वाईट वाटलं असतं, तू धावत आला असता, आणि मले तुझी कीव नको होती.

निवाऱ्यात गेली त्या दिवशी रुखमाबाईनं माझ्या हातातली वळकटी घेतली आणि आपल्या खाटेजवळ टाकली. मी न्हाणीत गेली, आतून कडी लावली आणि पोटभर रडली. इतक्या दिवसांत रडाले जागाच सापडली नव्हती, लोकांसमोर मी रडत नाही हे तुले माहीत आहे. बाहेर बाया पाण्यासाठी थांबल्या होत्या, पण कोणी दार वाजवलं नाही. तेव्हा मले तू आठवला, ठेकेदाराशी भांडताना. उपकार आहेत म्हटलं ते यासाठी.

आता कामाचं. मागच्या महिन्यात तुझं यवतमाळचं भाषण खेमसिंगच्या मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलं. तू सांगत होता, आमच्या गावचे बेघर एका चुलीवर जेवतात, जातपात विसरून एक कुटुंब झाले, सरकारनं हेच करावं, जमिनी वाटत बसू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिले मले अभिमान वाटला, भाऊ माझा बोलते कसा. पण तुझा गट तेच धरून बसला आहे. एक चूल, एक कुटुंब, एक घरकुल, आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत यादी अशीच पास करायची. पास झाली तर गावठाणात एक घर निघीन रुखमाबाईच्या नावानं, आणि बाकी सारे हॉलमध्येच म्हातारे होऊ. मी तर झालीच आहे.

म्हणून मी कळंबले जाऊन मॅडमले गाठलं. त्या म्हणाल्या, पुन्हा पाहाले येते, पण चुली वेगळ्या दिसल्या पाहिजेत. परवा त्या यायच्या म्हणून सकाळीच अंगणात दगड मांडले. ज्याची त्याची चूल, ज्याचं त्याचं सरपण. लेकरांले मजा वाटली. बायांले नाही वाटली. इतके दिवस ज्या गंजात एकमेकींच्या वरून मीठ टाकायच्या, तो गंज मधात रिकामा पडला होता आणि त्याच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

रुखमाबाई तर मांडेचना. भिंतीले टेकून बसली. म्हणे, "मी कोणासाठी मांडू? आत्ता कुठं पोरं-सुना भेटल्या, त तुमी मले कागदावरून काढून राह्यल्या." तिचं खरंच होतं. यादी चुकली म्हणून आम्ही हसलो होतो, पण तिच्या घरचं कोणीच उरलं नाही, तिनं ती चूक जिवाशी धरून ठेवली होती.

शेवटी बसंतीबाई उठली. आपल्या चुलीतलं जळतं लाकूड घेतलं, रुखमाबाईपुढं तीन दगड मांडले आणि त्यात सारलं. तिच्या बोलीत आईले याडी म्हणतात. म्हणे, "याडी, घर अलग पाह्यजे. सासू अलग नाही करत मी." रुखमाबाईनं डोळे पुसले, धुराचं नाव सांगितलं आणि तवा ठेवला.

मॅडम आल्या, चुली पाहिल्या, कुटुंबं वेगळी लिहिली. मग सगळे जेवायले बसलो तर कोणाच्या चुलीवरचं कोणाच्या ताटात गेलं हे कोणालेच समजेना. मॅडमनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पण शेवटचा शब्द ग्रामसभेचा आहे, आणि तुझा गट तुझ्या तोंडाकडं पाहते. तू उभा राहून म्हटलं की ही कुटुंबं वेगळी आहेत, यांले ई-क्लासमधून पट्टे द्या, तर हात वर होतील. तू गप्प राह्यला तर होणार नाहीत. निवारा चुकला असं मी म्हणत नाही. तो नसता तर यंदाच्या थंडीत तुझी ताई बसस्टँडच्या बाकड्यावर असती. पण छप्पर दिलं की काम झालं, हे मी तेव्हाही मानलं नाही आणि आज त्या छपराखाली झोपूनही मानत नाही. भांडायचं असन तर सभेनंतर भांडू. मले तर तुझ्याशी भांडल्याशिवाय करमतच नाही. दुसऱ्यांसाठी ये असं म्हणून मी आडोसा करत नाही. माझ्यासाठी ये.

आदल्या दिवशीच ये. वांगे-तुरीचे दाणे करते. माझी चूल नळाजवळची, विचारायची गरज पडणार नाही.

एक आठवण लिहिते आणि थांबते. तुझ्याआधी आईची दोन लेकरं गेली होती. आईनं दीक्षा घेतलेली, असल्या गोष्टी ती मानत नसे, पण त्या दिवशी आजीपुढं तिचं चाललं नाही. आजीनं तुले जन्मल्याबरोबर उकंड्यावर, शेणाकचऱ्याच्या ढिगावर ठेवलं, मरणाले वाटावं की हे टाकून दिलेलं लेकरू आहे. आणि म्हणे, आता बहिणीनंच उचलून घरात आणावं. मी केवढीशी होती. दोन्ही हातांनी तुले छातीशी धरून चालत होती आणि सारखं वाटत होतं, आता पडते, आता पडते. दाराच्या आत आली तेव्हा आईनं हात पुढं केले आणि मले श्वास आला. त्याचं मी काही मागत नाही. तूही मले उचललंच आहे उकंडा, तुले माहीत नसताना. उंबऱ्यापर्यंत आणलं. आता आत घे.

तुझी ताई
कौसल्या

मुक्काम : तू बांधलेला निवारा, घर होईपर्यंत