साडेबारामधला स्वल्पविराम

ताश्कंद, मार्चचा पहिला आठवडा

आदरणीय सानोबार ओपा,

"दोघींच्या मध्ये अर्धा मिलीमीटर ठेवत जा गं, नाहीतर घासून घासून दोघीही झिजाल." बाबा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तुम्ही तेरा, आणि त्यांच्या नकाशाच्या टेबलाखाली एका दुलईवरून आपली ओढाओढ चालली होती. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढणारा माणूस, माया करायचा तीही मिलीमीटरमध्ये. सकाळपासून तेच वाक्य डोक्यात आहे, म्हणून आधी लिहून टाकलं. आता रीतीप्रमाणे विचारते. बऱ्या आहात ना? तुमच्या हमदम अकांची कंबर? मुली, सासूबाई बऱ्या? तुमच्या मार्गिलानला तुतीला कोंब फुटले का? गाय दूध देते? कोंबड्या? (कोंबड्यांचं मनापासून विचारते. बाकीच्यांचं रीत म्हणून, असं तुम्ही म्हणणार. म्हणा.) मी बरी आहे. म्हणजे नाही, पण ते पुढे येईलच.

गेले आठ महिने आपला पत्रव्यवहार मोठा आटोपशीर चालला आहे. तुम्ही घरी बसून काढलेल्या सर्किट बोर्डाची फाइल पाठवता आणि सोबत एक शब्द, 'पाठवली.' मी इथून उलट लिहिते, 'मिळाली.' डिसेंबरात एकदा तुमच्या 'पाठवली'पुढे पूर्णविराम नव्हता, तर मी दुपारपर्यंत विचार करत बसले की ओपाला पुढे काही लिहायचं होतं का. (नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच फाइल पूर्णविरामासकट पुन्हा आली.)

कारण दोघींनाही पाठ आहे, तरी माझ्या बाजूने एकदा लिहिते. प्रत्येक बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात तुम्ही चौदा बाय बारा मिलीमीटरची जागा मोकळी सोडता आणि तिथे तांब्यात बाबांची दोन अक्षरं उमटवता, 'न. य.' नकाशावर लिहिता, 'उष्णतेसाठी मोकळं.' पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही. जुलैमध्ये माझा स्क्रू कुठेच बसेना, तेव्हा तुम्हाला न विचारता मी त्या 'न'मधून भोक पाडलं. आईच्या वर्षाच्या जेवणाला, वीस पाहुण्यांसमोर, प्लोव भाताने माखलेला हात ताटात तसाच ठेवून तुम्ही म्हणालात, "हिला भिंत दिसली की खिळा ठोकायचा असतो. बापाचीसुद्धा सोडली नाही." आणि मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला गार हवा कशाला लागते?" सगळ्यांनी माना खाली घालून भातातली गाजरं मोजली. भोक मी नंतर हलवलं. वाक्य हलवता येत नाही.

तर आता या वर्षीची हकीकत. आपलं काम काय असतं हे तुम्हाला सांगायला नको, पण तुर्गून अकांनी (संचालक झाले तरी मिशीला तेच काळं लावतात) मला ते चौकशी समितीसमोर शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगायला लावलं, तर तुम्हीही ऐका. सानोबार ओपा सपाट बोर्ड आखतात, कुठे कोणता भाग आणि कुठून तांब्याची रेघ. मग रूपांतराचा प्रोग्राम त्यांच्या तक्त्यातली उंची वाचतो आणि प्रत्येक भाग ठोकळ्यासारखा उभा करतो. त्या ठोकळ्यांच्या वस्तीवर ओयदिन डबा बेतते. समितीतल्या एकांनी विचारलं, म्हणजे तुम्ही बोर्ड पाहतच नाही? मी म्हटलं, नाही. बहिणीलाही नाही.

डबे रेशीमकिड्यांच्या खोल्यांसाठी. ऊब आणि ओलावा राखणारं यंत्र, तुमच्याच शेजारणींच्या भिंतींवर टांगायचं. तीन हजार डबे साच्यातून निघून आले, पिवळसर, अगदी छान. मग पहिले पन्नास बोर्ड आले. जुळणीच्या टेबलावर जुमरद खालाने पहिला बोर्ड आत ठेवला, झाकण लावलं, आणि झाकण मधोमध फुगलं. तिने ते सगळ्यांना दिसेल असं उचलून धरलं. "ओयदिन, तुझ्या डबीला दिवस गेलेत गं! कितवा म्हणायचा?" दुसरा लावला, तोही तसाच. दुपारपर्यंत टेबलावर पन्नास पोटुशा. तुर्गून अका आले, एकीवर कोपर टेकून सगळं वजन दिलं. झाकण बसलं. मग आत कट् झालं, अकांनी कोपर काढला, आणि झाकण पुन्हा वर आलं, बोर्डावरचा सगळ्यात उंच भाग, कॅपॅसिटर, तेवढा आडवा झाला.

मी दोन दिवस शोधलं. प्लॅस्टिक आकसलं असेल, साचेवाल्याने गडबड केली असेल. (त्याला एक उद्धट पत्र लिहिलं, मग एक माफीचं. दुसरं लांब होतं.) शेवटी कॅपॅसिटर हातात घेऊन मोजला. साडेबारा मिलीमीटर. पडद्यावर बारा. मग तुमचा तक्ता उघडला. तिथे तुमच्या टपोऱ्या, शिस्तीच्या अक्षरात लिहिलंय, १२,५. स्वल्पविराम! शाळेत आपल्याला शिकवला तोच, बाबा लिहायचे तोच, अख्खं ताश्कंद लिहितं तोच. पण प्रोग्राम परदेशातला, त्याला दशांशासाठी फक्त टिंब कळतं. स्वल्पविराम आला की हा गृहस्थ थांबतो आणि पुढचं टाकून देतो. इतकी वर्षं आपले भाग अकरा, नऊ, चौदा असे पुरे आकडे होते म्हणून निभावलं. जुना अकराचा मिळेनासा झाला, तुम्ही साडेबाराचा घेतलात, आणि त्याने साडेबाराचे बारा वाजवले.

(बाबांचा अर्धा मिलीमीटर मी झाकणाखाली ठेवला असता तर झाकण टेकलं असतं, पण बसलं असतं. मी ०,३ ठेवला. अकांना डबा सडपातळ हवा होता. त्यांना सगळंच सडपातळ हवं असतं, स्वतःखेरीज.)

अका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दोन बहिणींना मिळून एक डबा झाकता येत नाही? माझ्या आईने तेरा पोरांच्या तोंडावर झाकण ठेवलं होतं. आणि किडे काय तुमचं मिटेपर्यंत अंड्यात बसून राहणार आहेत?" नवा साचा म्हणजे दोन महिने. तोवर तुतीचा पाला येऊन संपेल, मागणी जाईल, आणि डबे पुढे बाहेरूनच आणायचे, असं त्यांनी ठरवून टाकलंय. म्हणजे माझी खोली बंद, मी आणि माझ्या हाताखालच्या तिघीजणी घरी. (मी घरी बसून काय करणार ओपा? मला प्लोवसुद्धा तुमच्यासारखा जमत नाही. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.) चूक कुणाची ते लेखी द्या, असं समितीने सांगितलं. काल मी खुलासा दिला.

मुलींना पापा. हमदम अकांना सांगा, कमरेवर गरम मिठाची पुरचुंडी ठेवावी आणि कारखान्यातल्या बाईशी लग्न केल्याबद्दल देवाची क्षमा मागावी.

तुमची धाकटी,
ओयदिन

ता. क. पत्र यंत्रातच घालून पाठवते आहे, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष बघता येईल. झाकणाला दोरी बांधली आहे. पत्रामुळे ते आणखी थोडं वर आलंय. तेवढं माझं, बाकीचं तुमचं.

ता. क. २. वरचं पुसा. गेल्या जूनमध्ये, आपण बोलत होतो तेव्हा, तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "नवा साडेबाराचा आहे हं ओयदिन, लक्ष असू दे." नोव्हेंबरात तो ठोकळा माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मी त्याची उंची पाहिली. बारा. मला आठवलं. फोनकडे हात गेला होता. मग मनात आलं, चुकू दे की ओपाला एकदा. आणि मी लिहिलं, 'मिळाली.' त्यामुळे दोन दिवस शोधलं वगैरे काही नाही, दोन दिवस मी नुसती खुर्चीत बसून होते. खुलाशात यातलं काही नाही. खुलाशात स्वल्पविराम आहे, आणि स्वल्पविरामापुढे तुमचं नाव. आज तो परत मागायला गेले होते. अका म्हणाले, शिक्का बसला.

ता. क. ३. कॅपॅसिटर आडवा निजवला तर उंची दहाच भरते. डबे वाचतात, शुक्रवारपर्यंत नवा बोर्ड निघाला तर किडेही. तो निजेल एवढी जागा संपूर्ण बोर्डावर एकच आहे, चौदा बाय बारा. मी स्वतः ती अक्षरं पुसू शकते, फाइल माझ्याकडे आहे. पण या वेळी हात लावणार नाही. विचारते आहे. बाबांची जागा द्याल?

किड्यांकडे बघून कदाचित द्याल. म्हणून जे नक्कीच देणार नाही तेही मागून घेते. फाइल पाठवलीत, तर 'पाठवली'पुढे या वेळी पूर्णविराम देऊ नका