फाटकाआतली मॅटाडोर

हडपसर, पुणे
१ ऑक्टोबर १९८९

प्रिय श्यामसुंदर,

‘प्रिय’ ही हाताची सवय आहे, गैरसमज नको.

काल तुझा माणूस गॅरेजच्या फाटकाशी आला. कडक इस्त्रीचा सफारी, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, “साहेबांनी मॅटाडोर मागितलीय. खंडेनवमीची पूजा नारायण पेठेत, कचेरीसमोर. संध्याकाळी परत.” मी विचारलं, कुणाची मॅटाडोर? तो म्हणाला, “त्यांचीच की.” तेव्हा ठरवलं, तुला लिहायचं.

तुझी कशी, ते आठवून बघ. आणीबाणी उठली त्या निवडणुकीत टपावर कर्णा बांधून आपण मंडईपासून सासवडच्या बाजारापर्यंत बोलत फिरलो. श्रमाचा मोबदला हा माझा विषय, टाळ्या तुझ्या. दिवे घाटात इंजिन बसलं. माझ्या भावाने, रज्जाकने, गाडी इथवर ओढून आणली, इंजिन उघडलं, सुटे भाग पदरचे घालून नवं करून दिलं. तू म्हणालास, उद्या येतो. त्याच आठवड्यात तुला माझ्याबरोबर विवाह नोंदणीच्या कचेरीतही यायचं होतं. तो विषय मी इथे काढत नाही. पुढे कानावर आलं, तू सासऱ्यांच्या बांधकामाच्या धंद्यात बसलास.

गाडी मात्र राहिली. रस्त्याकडेला उभी होती तेव्हा महापालिकेने बेवारस वाहन म्हणून काचेवर नोटीस डकवली. शेजारी म्हणाले, जाऊ दे भंगारात, पीडा टळेल. रज्जाक म्हणाला, “बेवारस कशी? मालकाला मी ओळखतो.” आत ओढली, ठोकळ्यांवर चढवली, वर ताडपत्री घातली. अधूनमधून इंजिन सुरू करायचा, गंजू नये म्हणून. तुला पाठवलेल्या त्याच्या पत्रांना उत्तर नाही. मी त्याला सांगत होते, तू त्या माणसाचं इंजिन ओळखतोस, माणूस मी ओळखते.

आणि आता तुझे वकील लिहितात की आम्ही गाडी अडकवून ठेवली. हो, ठेवली. ज्याने दुरुस्ती केली त्याला मजुरी मिळेपर्यंत गाडी धरून ठेवायचा हक्क कायदा देतो. लीन म्हणतात त्याला. विकायचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. आणि हा हक्क ताब्यावर टिकतो. राजीखुशीने गाडी मालकाच्या हाती दिली, एका दिवसापुरती का होईना, की तो गेला. मग नुसता तगादा करत फिरा. हे तुझ्या वकिलांना पाठ असणार. विधानसभेचं तिकीट मागायचं, त्यासाठी गोरगरिबांत फिरलेली जुनी गाडी हार घालून लोकांना दाखवायची, आणि जाता जाता बिलही बुडवायचं. पूजा एक, फळं दोन.

दिवस मात्र अचूक हेरलास. खंडेनवमीला कुणाची गाडी अडवायची नाही, हा रज्जाकचा रिवाज सगळ्या हडपसरला माहीत आहे. बिल थकलेलं असो, गाडी धुऊन किल्ली हातात. “पूजा त्यांची, गाडी त्यांची, आपण मध्ये कशाला यायचं?” बहुतेक गाड्या परत यायच्या. ज्या आल्या नाहीत त्यांचे मालक कोण, ते लिहीत नाही. त्यांतले काही तुझ्या पंगतीला बसतात.

आता हे पत्र का, ते. तुझा माणूस रज्जाकभाईंना निरोप द्यायला आला होता. रज्जाक गणपती उठले त्या आठवड्यात गेला. छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं. तुला कळायचं काही कारण नव्हतं. त्याची बायको हुस्नबानू इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस पाळते, घराबाहेर पडत नाही. या प्रथेविरुद्ध मी सभा गाजवल्या आहेत, पण तिच्या दुःखाशी मला वाद घालायचा नाही, म्हणून फाटक मी सांभाळते. जागामालकाला दिवाळीपर्यंत जागा रिकामी हवी. त्यानंतर तिच्याजवळ काही उरणार असेल तर ते या एका गाडीतून. तरी निरोप ऐकून ती खिडकीआडून म्हणाली, “देऊन टाका आपा. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.”

मी नाही म्हटलं. गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. पूजा करायची तर इथे ये, तिच्या खिडकीसमोर. आधी तिचं देणं दे, मग खुशाल नारळ फोड. आला नाहीस तर दसऱ्यानंतर दावा लागेल. तुझ्यावर दावा लावायला मला आनंदच वाटेल. पण त्या भल्या माणसाचा रिवाज त्याच्या मागे मोडायची वेळ तू माझ्यावर आणलीस, आणि कालपासून हुस्नबानू माझ्या हातचा चहा घेत नाही.

फाटकाची किल्ली जिच्याकडे आहे ती,
सुरय्या