पॅलेडियमशिवाय

सातपूर, नाशिक
६ जुलै २००४

ती. वेणीदादा,

नमस्कार. आईचे गुडघे बरे आहेत. वहिनीने पाठवलेला चिवडा पोचला.

रविवारी प्रतिभा आली होती. तुझी विद्यार्थिनी, पेठ तालुक्यातली. सहा महिने ती तुझी ती नामांकित रिअ‍ॅक्शन करते आहे, तुझ्याच वहीबरहुकूम, आणि पदार्थ तयार होत नाही. तू तिला म्हणालास, "तुझ्या हाताला गुण नाही. गावी जाऊन नागली लाव." शुक्रवारी तिची पीएचडीची नोंदणी रद्द करणार आहेस म्हणे.

"मॅडम, माझं कुठं चुकतं तेवढं सांगा. मग जाते मी," म्हणाली.

तिचं काही चुकत नाही.

बेंझिनची दोन कडी जोडायला पॅलेडियम लागतं. कंपनीत आम्ही रोज वापरतो. तू दोन वर्षांपूर्वी छापलंस की लागत नाही. सत्कारात नारळ हातात घेऊन बोललास, "आमच्या उत्तराची कंपनी उगाच महागडा धातू उडवते." लोक हसले. मीही हसले.

त्या प्रयोगांच्या वेळी फ्लास्कमध्ये ढवळायला टाकतात ते मॅग्नेट तू माझ्या टेबलावरून नेलं होतंस. जुनं, चरे पडलेलं. चऱ्यांत काळं बसलेलं. ते पॅलेडियम. धुऊन जात नाही, आणि कणभर पुरतं. जानेवारीत तुझ्याकडे नवी मॅग्नेट्स आली आणि रिअ‍ॅक्शन थांबली. बीएस्सीच्या मुलालाही सुचलं असतं, काय बदललं ते बघावं. तुला मुलगीच बदलावीशी वाटली.

मी फोनवर सांगितलं होतं म्हणून तिने ते जुनं मॅग्नेट शोधून आणलं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. जुन्याने ऐंशी टक्के. नव्याने शून्य.

हे मला रविवारी कळलं, असं लिहिणार होते. खोटं आहे. तुझा लेख वाचला त्याच दिवशी कळलं होतं. बोलले नाही. एखाद्या मोठ्या परिषदेत, भरल्या सभागृहात तुला कोणीतरी विचारावं म्हणून वाट पाहत राहिले. तुला कोणी विचारलं नाही. तिला मात्र तू रोज विचारत होतास. आपण दोघं एकाच घरातले, हे त्या पोरीला आता नीट कळलं असेल.

लेख मागे घेतल्याचं पत्र गुरुवारपर्यंत जर्नलला पाठव. नाहीतर आमचं जाईल. मला हे कधीपासून माहीत होतं, तेही त्यात लिहिलं आहे. सह्या दोघींच्या. पहिली तिची.

या वेळी आशीर्वाद मागत नाही.

उत्तरा