डोक्यात काही नाही

३ मार्च

पाच मिनिटांत अख्खं डोकं! पूर्वी अर्धा तास जायचा. आता एमआरआय मशीन मोजकीच मोजमापं घेतं, उरलेली माझा प्रोग्राम भरून काढतो — आणि मधे फटी असलेल्या जाड कापांच्या चित्रांऐवजी सलग त्रिमिती चित्र. आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "अगं, हे तर झकास आहे!"

मला मात्र ते 'भरून काढतो' टोचतंय. चुकीचं भरलं तर?

घरी आई शेजारणीला सांगत होती, "आमची पोरगी डोक्यांचे फोटो काढते." दादा लगेच, "माझा नको हं. माझ्या डोक्यात काही नाही. मशीननेच सांगितलंय!" त्याचा नेहमीचा विनोद. फिट्समुळे त्याची शाळा सुटली. घरात शिकलेली मी एकटीच. त्याचा जुना स्कॅन कोरा आला होता. फिट कुठून येते ते दिसलं तर ऑपरेशन करता येतं. कोऱ्याचं काय करणार? गोळ्या.

९ मार्च

सात वर्षांची मुलगी, तिलाही फिट्स. जुन्या स्कॅनमध्ये इतकी चुळबुळ की सगळंच पुसट. आज मी म्हटलं, "पुतळा होशील?" झाली! पाच मिनिटं पापणीसुद्धा हलली नाही.

आणि ठिपका. मसुराएवढा. "सापडला! काढता येईल हा," मॅडम ओरडल्याच. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

मी मात्र चित्र मोठं करून बघत बसले. ठिपका मुलीचा, की माझ्या प्रोग्रामने भरलेला?

१० मार्च

दिवसभर तेच चित्र उघडून बघतेय; नुसतं बघून कळत नाही.

११ मार्च

मॅडमना सांगून टाकलं. वैतागल्या. "स्वतःच्याच लेकराला नावं ठेवणारी आई पहिल्यांदा बघतेय!"

म्हटलं, "मॅडम, सर्जन तिचं डोकं उघडणार आहेत."

त्यांनी चित्र पुन्हा उघडलं. मग, "बरं बाई. तपासणार कसं?"

मान जरा वळवून पुन्हा स्कॅन. ठिपका प्रोग्रामचा असेल तर जागच्या जागी बसून राहील. मुलीचा असेल तर डोक्याबरोबर वळेल.

१३ मार्च

वळला! वळला! वळला!

२ एप्रिल

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "तुमच्या चित्रात होता तिथेच होता." मुलगी शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाली, "आता पुतळा नाही होणार मी!" जिन्यात जाऊन रडले. आनंदानेच.

घरी सगळं सांगितलं. दादा भात कालवत राहिला. मग म्हणाला, "माझाही काढ की एक फोटो." हसला नाही.

४ एप्रिल

मॅडमनी त्याचं नाव रीतसर घातलंय. चित्र त्याच बघणार. मी नको — मला हवं तेच दिसेल.

९ एप्रिल

मॅडम बाहेर आल्या. "आहे. मानही वळवून पाहिली. वळला."

दादा कॉरिडॉरमध्ये फोनवर ओरडतोय — "आई! अगं, माझ्या डोक्यात आहे काहीतरी!"