डिस्पॅचच्या मशीनची कुरकुर

१० ऑक्टो. २००८, शुक्र.
काल दसरा. सर्व्हरची पूजा यथासांग. मालक भाऊसाहेबांनी मखमलाबादच्या मळ्यातली झेंडूची माळ स्वतःच्या हाताने चढवली, मनगटाएवढी जाड. आणि आज दुपारीच डिस्पॅचचं मशीन कुरकुरायला लागलं. स्क्रीनवर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, इशारा: प्रोसेसर अकरा सेकंद अडकला. थोड्या वेळाने परत तोच. पावत्या रखडल्या, गेटवर ट्रक. एक ड्रायव्हर खिडकीतून डोकं घालून म्हणतो, "लय टाइम झाला साहेब, पावती नाय अजून." मला काय विचारतोस बाबा.
तसं ते मशीन म्हणजे मशीन नाहीच. माझ्या हाताखालच्या नव्या मीनलने जूनमध्ये चार जुने संगणक काढून एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन बसवली. एक घर, चार भाडेकरू. तेव्हाच मी नाक मुरडलं होतं.

१३ ऑक्टो.
रोज तेच. सकाळी गप्प, दुपारी सुरू. भा.सा. वर आले. धनत्रयोदशीपर्यंत नीट झालं नाही तर जुने संगणक परत लावा, म्हणाले. मला बाजूला घेऊन आणखी एक: मग मीनलचं कन्फर्मेशनही राहू द्या. प्रोबेशनवर आहे पोरगी. देवळ्याहून येऊन इथे सिडकोत खोली घेतलीय, नोकरी पक्की झाली की आईला आणणार आहे. मी तिला काही बोललो नाही. पण तिला कळलंय.

१४ ऑक्टो.
मी सुचवलं, इशारे दाबायची सोय असते. एक ओळ टाकायची, स्क्रीन साफ, भा.सा. खूश. तर म्हणते, "सर, रडणाऱ्या पोराचं तोंड दाबलं की पोटात दुखायचं थांबतं का?"
राग आला. चहा न घेता घरी आलो. जेवताना पटलं.

१६ ऑक्टो.
तिची पद्धत बघत बसावी अशी. एका वेळी एकच गोष्ट बदलते, मग थांबते. काल पगाराचं मशीन बंद ठेवलं, इशारे चालू. आज स्टोअर्सचं आणि चौथंही बंद. तरी चालू. म्हणजे भाडेकरूंची दाटी हे कारण नाही. माझा सगळा संशय लोडशेडिंगवर. तिने दिवसभर यूपीएसवर नजर ठेवली, तोही निर्दोष निघाला. मला जरा वाईटच वाटलं, शिव्या तयार होत्या. तिचा चेहरा उतरलाय, हात मात्र शांत. मी तिच्या वयात सगळ्या वायरी उपटून मोकळा झालो असतो.

२० ऑक्टो.
आज तिने भाडेकरूला सोडलं आणि घरमालकाला गाठलं. डिस्पॅचच्या आतले इशारे वाचणं थांबवून खालच्या खऱ्या सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तिथे दर इशाऱ्याच्या आधी एकच तक्रार: प्रोसेसर तापला, वेग कमी केला. घर तापतंय आणि ओरडतोय भाडेकरू! इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण व्हर्च्युअल मशीनलाही कुठेतरी खरं अंग असतं हे डोक्यातच आलं नाही. पण एसी तर चालू. आम्ही स्वेटर घालून बसतो तिथे. मग तापतं कशानं...

२१ ऑक्टो.
माळ!
सर्व्हर समोरच्या जाळीतून हवा ओढतो आणि जाळीवर भा.सा.ची माळ. वाळून पाकळ्या जाळीत घट्ट बसल्यात. रोज सकाळी मी तिलाच नमस्कार करत होतो. दोघं पोट धरून हसलो. पण मालकाच्या हातची माळ काढायची कुणी? मी म्हटलं, झाडताना पडली म्हणून सांगू. मीनल नको म्हणाली. खोटं सांगून काढली तर लक्ष्मीपूजनाला दुसरी येईल, तीही तिथेच. बरोबर आहे. पण तोंडावर सांगायचं, तेही भा.सा.ना, तेही या आठवड्यात...

२२ ऑक्टो.
भा.सा.ना बोलावून आणलं तिने. त्यांचा हात मशीनमागच्या गरम झोतापाशी धरायला लावला, मग समोरची जाळी दाखवली. "भाऊसाहेब, माळेनं याचा श्वास कोंडतोय. मी हात लावला नाही. तुम्हीच काढा."
त्यांनी माळ उतरवली, कपाळाला लावली, पिशवीत घातली आणि खाली निघून गेले. शाबास पोरी. माझी छाती झाली नसती.

२५ ऑक्टो.
इशारे बंद. भा.सा.ही बंद, आमच्या खोलीकडे फिरकत नाहीत. कन्फर्मेशनचा कागद त्यांच्या टेबलावर तसाच. काहीतरी निमित्त काढून डोकावून आलो. सही नाही.

२८ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
भा.सा. नवी माळ घेऊन आले. सगळा स्टाफ उभा. सर्व्हरपाशी गेले, थबकले. मीनलकडे वळून म्हणाले, "सांग पोरी, कुठं घालू?"
तिने दाराच्या चौकटीवरचा खिळा दाखवला. तिथे घातली. माझ्या लाह्या तोंडातच राहिल्या.
सहीचं मात्र अजून काही नाही. सणाच्या दिवशी विचारायला जीभ रेटेना. निघताना सहज डिस्पॅचच्या स्क्रीनकडे पाहिलं तर एक ओळ. एकच, पण तीच: प्रोसेसर अडकला. माळ तर दारावर! मीनलला हाक मारायला वळलो, तर ती बत्तासा गालात धरून, खालच्या सर्व्हरच्या नोंदी उघडायला खुर्ची पुढे ओढत होती.